मुरुमांवरील मलमे : औषधाची मुदत आणि विम्याची मर्यादा

तारुण्यपीटिका, म्हणजे व्यवहारात ज्यांना आपण मुरूम म्हणतो, हा वयाचा धर्म असून वयाबरोबर तो आपोआप नाहीसा होतो, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ह्या समजुतीत सत्याचा अंश आहे. परंतु मुरूम गेले तरी त्यांचे व्रण व काळे डाग मागे राहतात, आणि खोल व्रण एकदा पडल्यावर तो केवळ मलमाने भरून निघत नाही. म्हणून उपचार वेळीच व्हावा लागतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी परिणामकारक मलमे आज उपलब्ध आहेत. असे असूनही अनेक रुग्ण ती अर्ध्यावर सोडतात, आणि त्यांतील काही जण अपायकारक पर्यायाकडे वळतात. असे का व्हावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्याचे उत्तर काही अंशी औषधाच्या कार्यपद्धतीत आणि काही अंशी उपचारांचा खर्च भागविणाऱ्या व्यवस्थेत सापडते. दोन्ही ठिकाणी मूळ प्रश्न कालावधीचा आहे, असे दिसून येईल.

विकाराचे स्वरूप

मुरुमाचा उगम केशपुटकात, म्हणजे केसाचे मूळ ज्या सूक्ष्म पिशवीत असते तिच्यात होतो. ह्या पुटकाला जोडलेली ग्रंथी त्वक्स्नेह नावाचा तेलकट पदार्थ स्रवते. वयात येताना अँड्रोजेन ह्या संप्रेरकांच्या प्रभावाने हा स्राव वाढतो. त्याच सुमारास पुटकाच्या मुखाशी असलेल्या पेशी नेहमीप्रमाणे सुट्या होऊन गळून न पडता एकमेकींस चिकटून राहतात आणि मुख बुजते. आत कोंडलेल्या त्वक्स्नेहावर ‘क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस’ हे जंतू पोसले जातात. २०१६ पर्यंत त्यांस ‘प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस’ असे नाव होते. ह्या सर्वांच्या जोडीला दाह असतो. वाढलेला स्राव, बुजलेले मुख, जंतू आणि दाह ह्या चार प्रक्रिया परस्परांस बळ देतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. डोळ्यांना दिसणारा मुरूम हा ह्या प्रक्रियेचा आरंभ नव्हे. त्यापूर्वी अनेक आठवडे त्वचेत सूक्ष्म अडथळा तयार होत असतो, आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. आज चेहऱ्यावर उठलेली पुळी ही काही आठवड्यांपूर्वीच्या घडामोडीचे फळ असते. त्यामुळे त्या मुळाशी काम करणाऱ्या औषधाचा गुण काही दिवसांत दिसणे शक्य नसते.

प्रमुख औषधे

चिठ्ठीवर दिल्या जाणाऱ्या मलमांत रेटिनॉइड वर्गाचे स्थान पहिले आहे. जीवनसत्त्व ‘अ’शी नाते असलेली ही द्रव्ये पुटकाच्या मुखाशी पेशींची चिकटून राहण्याची प्रवृत्ती कमी करतात आणि नवे अडथळे तयार होऊ देत नाहीत. ह्यांपैकी ट्रेटिनॉइनचा मुरुमांवरील उपयोग फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन व त्यांचे सहकारी ह्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९७१ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. ह्याच क्लिगमन ह्यांनी होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर अनेक वर्षे त्वचाप्रयोग केले होते, आणि त्याबद्दल पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यक विभागाने २०२१ मध्ये जाहीर दिलगिरी व्यक्त केली, हेही ह्या औषधाच्या इतिहासासोबत नोंदविणे आवश्यक आहे. पुढे १९९६ मध्ये ॲडापलीन आले. ते तुलनेने सौम्य असून प्रकाशाने वा बेंझॉइल पेरॉक्साइडच्या संयोगाने लवकर निकामी होत नाही. जुन्या पद्धतीच्या ट्रेटिनॉइन मलमांत हे दोन्ही दोष आढळतात; ती रात्री लावावयास सांगतात, त्याचे एक कारण हेच होय.

दुसरे महत्त्वाचे औषध बेंझॉइल पेरॉक्साइड होय. ते जंतुनाशक असून त्याच्याविरुद्ध जंतूंमध्ये प्रतिकारशक्ती निर्माण होत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. क्लिंडामायसिनसारख्या प्रतिजैविकांचे तसे नाही. ती एकटी दीर्घकाळ वापरल्यास प्रतिकारक्षम जंतू वाढतात. म्हणून अमेरिकन त्वचारोग अकादमीच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रतिजैविक मलम एकटे न वापरता बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीने वापरण्याचा आग्रह धरलेला आहे. ॲझेलेइक आम्ल हे सावळ्या त्वचेवरील डागांसही उपयोगी पडते. २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले क्लॅस्कोटेरोन हे त्वचेतील अँड्रोजेनच्या ग्राहकांस अडविणारे मलम आहे आणि त्याचा रोख चार प्रक्रियांपैकी पहिलीवर आहे.

दुष्परिणाम व त्यांचा क्रम

रेटिनॉइडच्या वापरास आरंभ केल्यावर पहिल्या दोन ते चार आठवड्यांत त्वचा कोरडी पडते, लाल होते, तिचे पापुद्रे निघतात व आग होते. काहींना ह्या काळात मुरूम वाढल्यासारखेही वाटतात. गुण मात्र सहा ते आठ आठवड्यांनंतर दिसू लागतो, आणि औषध लागू पडले की नाही ह्याचा निर्णय बारा आठवड्यांपूर्वी करणे योग्य नसते. म्हणजे त्रास आधी आणि लाभ नंतर, असा हा क्रम आहे. पूर्वकल्पना नसलेल्या रुग्णाने तिसऱ्या आठवड्यात आरशात पाहून ‘हे औषध मला मानवत नाही’ असा निष्कर्ष काढला, तर त्यास दोष देता येणार नाही. ही कल्पना चिठ्ठी लिहितानाच द्यावयास हवी होती.

हा त्रास बऱ्याच अंशी टाळताही येतो. सगळ्या चेहऱ्यास वाटाण्याएवढे मलम पुरते. ते केवळ उठलेल्या पुळीवर न लावता मुरूम येणाऱ्या संपूर्ण भागावर पातळ पसरावयाचे असते, कारण अदृश्य अडथळे तेथे सर्वत्र असतात. सौम्य साबणाने तोंड धुऊन ते पूर्ण कोरडे झाल्यावर रात्री मलम लावावे. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा व ओठ वगळावेत. प्रथम दोन आठवडे एक रात्र सोडून लावणे आणि जोडीला साधे, तेलरहित ओलावा टिकविणारे मलम वापरणे, ह्याने आग पुष्कळ कमी होते. दिवसा सूर्यसंरक्षक मलम आवश्यक आहे. खरखरीत दाण्यांचे स्क्रब व चेहऱ्याचे वॅक्सिंग ह्या काळात वर्ज्य समजावे. बेंझॉइल पेरॉक्साइडने उशीचा अभ्रा, पंचा व रंगीत कपडे यांचा रंग उडतो, ही गोष्ट क्षुल्लक वाटली तरी आधी सांगितलेली बरी. त्याच्या २.५ टक्के प्रमाणाचा गुण १० टक्क्यांच्या जवळपास असून दाह मात्र कमी असतो. अधिक तीव्र म्हणजे अधिक चांगले, हा समज येथे लागू पडत नाही.

दोन सूचना विशेष महत्त्वाच्या आहेत. गर्भवती स्त्रियांनी व गर्भधारणेचा विचार असणाऱ्यांनी रेटिनॉइड मलमे टाळावीत आणि तसे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे; त्यांतील टाझारोटीन तर पूर्णतः निषिद्ध आहे. ॲझेलेइक आम्लासारखे पर्याय अशा वेळी उपलब्ध असतात. दुसरी सूचना आपल्या वर्णासंबंधीची. सावळ्या त्वचेत कोणत्याही दाहानंतर काळा डाग पडण्याची प्रवृत्ती असते. मुरुमाने जसा डाग पडतो तसाच औषध घाईने व अति प्रमाणात लावून झालेल्या दाहानेही पडू शकतो. म्हणून आपल्याकडे हळूहळू आरंभ करण्यास अधिकच महत्त्व आहे.

घाईचा पर्याय

ज्या रुग्णास तीन आठवड्यांत फक्त आग दिसली, त्यास शेजारी, मैत्रीण वा औषधविक्रेता दुसरी एखादी ट्यूब सुचवितो. तीत बहुधा तीव्र स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक ह्यांचे मिश्रण असते. ती लावताच लाली ओसरते, चेहरा दोन-चार दिवसांत उजळ दिसतो आणि रुग्ण संतुष्ट होतो. पुढे त्वचा पातळ होते, सूक्ष्म रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, नवे मुरूम येतात. आणि ट्यूब थांबविताच चेहरा भडकतो, म्हणून ती पुन्हा लावली जाते. ह्या अवस्थेचा भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी स्वतंत्र विकार म्हणून अभ्यास केलेला आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री भारतीय पाहणीत चेहऱ्याच्या विकारांच्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३, म्हणजे १४.८ टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावीत असल्याचे आढळले. त्यांतील १०४ जण ते मुरुमांसाठीच लावीत होते, आणि सर्वाधिक आढळलेला दुष्परिणाम मुरूम येणे वा वाढणे हाच होता. निम्म्याहून अधिक रुग्णांस हे औषध डॉक्टरेतर व्यक्तीने सुचविलेले होते.

ह्या वापरास कायद्यातील एका सवलतीचा हातभार लागत होता. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ ह्यांतील अनुसूची ‘एच’मधील औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, परंतु बाहेरून लावावयाच्या औषधांस त्यातून सूट होती. मार्च २०१८ मध्ये १४ स्टेरॉइडांपुरती ही सूट काढून घेण्यात आली. नियम झाला, तरी दुकानात चिठ्ठी मागितली जातेच असे नाही, हा सर्वांच्या परिचयाचा अनुभव आहे.

विम्याची मर्यादा

आता खर्चाच्या प्रश्नाकडे वळू. आपल्याकडील आरोग्यविमा मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रसंगासाठी रचलेला आहे. २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना व राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ह्यांचा आधारही आंतररुग्ण उपचार हाच आहे. मुरुमांचा रुग्ण खाटेवर कधीच पडत नाही. त्याची तपासणी, मलम व सूर्यसंरक्षक हा सर्व खर्च बाह्यरुग्ण स्वरूपाचा, आणि म्हणून स्वतःच्या खिशातला असतो. काही विमा कंपन्या जादा हप्ता घेऊन बाह्यरुग्ण खर्चाची तरतूद देतात. तेथेही करारातील अपवाद वाचले पाहिजेत, कारण विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांत रूप बदलण्यासाठी केलेल्या उपचारांचा समावेश आहे. मुरूम हा रोग असून त्यावरील उपचार सौंदर्योपचार नव्हे, हे निदान व चिठ्ठी ह्यांवरून स्पष्ट असावे लागते. व्रणांवरील लेझरच्या बाबतीत तर वाद संभवतोच. ह्यास मोठा अपवाद कामगार राज्य विमा योजना व केंद्र सरकारची आरोग्य योजना ह्यांचा होय. त्यांच्या दवाखान्यांत बाह्यरुग्णासही तपासणी व औषध मिळण्याची सोय आहे.

अमेरिकेत चिठ्ठीवरील औषधांचा खर्च पुष्कळ विमा योजनांत अंतर्भूत असतो. तरी तेथे वेगळ्या प्रकारची अडचण उद्भवते. ट्रेटिनॉइन हे मुरुमांप्रमाणेच सुरकुत्यांवरही वापरले जाते. रोगासाठी पैसे द्यावयाचे आणि सौंदर्यासाठी नाही, असे धोरण असल्याने अनेक योजना ठराविक वयापुढील रुग्णास विमा कंपनीची पूर्वसंमती घ्यावयास लावतात. नव्या महाग औषधापूर्वी जुने स्वस्त औषध वापरून पाहावे, अशीही अट असते. २०१६ मध्ये ०.१ टक्का ॲडापलीन तेथे चिठ्ठीविना मिळू लागले. औषध सुलभ झाले. परंतु चिठ्ठीविना मिळणारी वस्तू विम्याच्या कक्षेबाहेर जाण्याचा संभव असतो. संमतीची वाट पाहण्यात किंवा औषध बदलण्यात गेलेले आठवडे बारा आठवड्यांच्या उपचारास मारक ठरतात.

निष्कर्ष

दोन्ही देशांतील व्यवस्थांची तुलना केल्यास एक समान उणीव दिसते. दीर्घकाळ, घरी, स्वतःच्या हाताने करावयाच्या उपचाराचे मोल त्यांस नीट मांडता येत नाही. त्याचा भार रुग्णाच्या चिकाटीवर व खिशावर पडतो, आणि त्यांतील एकही कमी पडले की स्वस्त व शीघ्र दिसणारी स्टेरॉइडची ट्यूब पुढे येते. हा भार विशेषतः विद्यार्थिदशेतील तरुणांवर पडतो, कारण विकाराचे वय तेच आहे.

विम्याची रचना बदलणे आपल्या हाती नाही; परंतु काही गोष्टी आजही करता येण्यासारख्या आहेत. चिठ्ठीवर औषधाच्या नावासोबत पहिल्या चार आठवड्यांत काय होईल व बाराव्या आठवड्यात काय अपेक्षित आहे, हे मराठीत दोन ओळींत लिहिणे डॉक्टरांस अशक्य नाही. महाग मिश्रणाऐवजी त्याच घटकांची स्वस्त मलमे चालतील काय, हे रुग्णाने निःसंकोच विचारावे. दिलेल्या ट्यूबवरील घटकांची नावे वाचावीत. बीटामेथाझोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन ही नावे मुरुमांच्या मलमावर दिसल्यास ते लावण्यापूर्वी त्वचारोगतज्ज्ञास दाखवावे. वसतिगृहे व विद्यापीठाची आरोग्यकेंद्रे ह्यांनी एवढी माहिती प्रवेशाच्या वेळी दिली, तरी पुष्कळ चेहरे पुढील हानीपासून वाचतील. औषध अर्ध्यावर सोडणारे विद्यार्थी ते त्रासामुळे सोडतात की खर्चामुळे, ह्याची पद्धतशीर पाहणी पदव्युत्तर अभ्यासकांनी हाती घेण्यासारखी आहे. तिच्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. बारा आठवडे रुग्णांच्या संपर्कात राहण्याची तयारी मात्र हवी.