'जॅक' गेला, कचऱ्याचे काय?

नाशिक, विशेष प्रतिनिधी

मोबाइल विकत घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती तास चालते, याची चौकशी ग्राहक आवर्जून करतात. हेडफोनची पिन खोचण्यासाठी छिद्र आहे की नाही, हे मात्र अनेकांच्या घरी आल्यावरच लक्षात येते. साडेतीन मिलिमीटर व्यासाचे हे छिद्र, म्हणजेच 'हेडफोन जॅक', गेल्या दहा वर्षांत महागड्या मोबाइलमधून जवळपास नाहीसे झाले आहे. मध्यम किमतीच्या संचांतूनही ते कमी होत असून, प्रामुख्याने स्वस्त संचांतच ते टिकून आहे. वरवर पाहता हा बदल किरकोळ वाटतो. परंतु या छिद्राबरोबर दुरुस्त होऊ शकणारी एक साधी वस्तू मागे पडली आणि तिच्या जागी बॅटरी असलेल्या, सहसा दुरुस्त न होणाऱ्या व भंगारातही किंमत नसलेल्या तीन वस्तू आल्या. नाशिकसारख्या शहरात या वस्तूंचे शेवटी काय होते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

दूरध्वनी केंद्रातून खिशात

हा 'जॅक' मूळचा दूरध्वनी केंद्रातला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केंद्रातील कर्मचारी दोन ग्राहकांची जोडणी करून देण्यासाठी फळ्यावरील छिद्रांत पाव इंची पिन खोचत असत. त्याच पिनेची लहान आवृत्ती १९६० च्या दशकात ट्रान्झिस्टर रेडिओबरोबर घरोघरी पोचली आणि सोनी कंपनीने १९७९ मध्ये 'वॉकमन' बाजारात आणल्यावर जगभर रुजली. पिनेचे टोक डाव्या कानासाठी, मधले कडे उजव्या कानासाठी आणि बुडाकडचा भाग सामाईक तारेसाठी, अशी तिची सोपी रचना. पुढे माइकसाठी त्यात आणखी एका कड्याची भर पडली. या जोडणीला चार्जिंग लागत नाही आणि सॉफ्टवेअरही लागत नाही. त्यामुळे एका कंपनीचा हेडफोन दुसऱ्या कंपनीच्या रेडिओला, संगणकाला किंवा मोबाइलला सहज चालत असे.

दुरुस्तीही तितकीच सोपी. हेडफोन बिघडतो तो बहुधा पिनेच्या मुळाशी तार तुटल्यामुळे. जुनी पिन कापून नवी सोल्डर करणे हे मोबाइल दुरुस्तीच्या लहानशा दुकानातही काही मिनिटांत होणारे काम आहे. हेडफोन अगदीच निकामी झाला, तरी त्यात उरते ती तांब्याची बारीक तार, थोडे प्लास्टिक आणि लहानशी चुंबके. आग लागेल किंवा रसायन गळेल, असे त्यात काही नसते.

या तारेचा आणखी एक उपयोग विस्मरणात गेला आहे. मोबाइलमधील एफएम रेडिओसाठी हेडफोनची तार हीच अँटेना म्हणून काम करते. आपत्तीच्या वेळी रेडिओ उपयोगी पडतो, हे लक्षात घेऊन केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२३ मध्ये मोबाइल उत्पादकांना सूचना केली होती. ज्या संचांत एफएमची सोय आहे तेथे ती बंद ठेवू नये आणि नसेल तेथे समाविष्ट करावी, असे त्यात म्हटले होते. गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पाण्याची उंची जोखणाऱ्या नाशिककरांना या सूचनेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. छिद्रच नसलेल्या मोबाइलवर मात्र ही सोय सहजासहजी मिळत नाही.

कंपन्यांची कारणे

'जॅक' काढून टाकण्याची सुरुवात अ‍ॅपलने केली, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ओप्पोसारख्या चिनी कंपन्यांनी त्याआधीच तसे काही मोबाइल आणले होते. तथापि, सप्टेंबर २०१६ मध्ये 'आयफोन ७' सादर करताना अ‍ॅपलने हा निर्णय जाहीर केला आणि कंपनीचे वरिष्ठ अधिकारी फिल शिलर यांनी त्याचे वर्णन 'धैर्य' या शब्दाने केले, तेव्हा तो जगाच्या चर्चेचा विषय झाला. त्याच कार्यक्रमात 'एअरपॉड्स' हे बिनतारी इअरबड सादर झाले, हे विसरून चालणार नाही. पुढे गुगलने २०१७ मध्ये 'पिक्सेल २'मधून, वनप्लसने २०१८ मध्ये '६टी'मधून, तर सॅमसंगने २०१९ मध्ये 'गॅलेक्सी नोट १०'मधून 'जॅक' हटवला.

मोबाइलच्या आतील जागा मोलाची असते आणि ती मोठी बॅटरी किंवा चांगला कॅमेरा यांसाठी वापरता येते, असे कारण कंपन्या देतात. ते खोटे नाही. पाणी आत शिरू नये यासाठी 'जॅक' काढला, हे कारण मात्र तितकेसे पटत नाही. सॅमसंगचा २०१६ मधील 'गॅलेक्सी एस ७' पाण्यापासून सुरक्षित होता आणि त्यात 'जॅक'ही होता. बिनतारी हेडफोनची नवी बाजारपेठ या निर्णयांमुळे वाढली, ही वस्तुस्थिती आहे. अर्थात, ग्राहकांनाही तारेचा गुंता नकोच होता. बसमध्ये, व्यायाम करताना किंवा स्वयंपाकघरात बिनतारी इअरबड सोयीचे ठरतात, हे मान्य करावेच लागेल.

एकही नव्हती, तेथे तीन बॅटऱ्या

सोयीची किंमत कचऱ्याच्या रूपाने मोजावी लागते. साध्या हेडफोनमध्ये एकही बॅटरी नसते. बिनतारी इअरबडच्या संचात दोन्ही कानांतील भागांत एकेक आणि चार्जिंगच्या डबीत एक, अशा किमान तीन लिथियम बॅटऱ्या असतात. त्याशिवाय प्रत्येक बडमध्ये ब्लूटूथची चिप, अँटेना, माइक आणि ध्वनिवर्धक, हे सारे शेंगदाण्याएवढ्या जागेत बसवून गोंदाने बंद केलेले असते.

लिथियम बॅटरी साधारणपणे तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर तिची क्षमता लक्षणीय घटते. मोबाइलची मोठी बॅटरी एका चार्जवर दिवस काढते. इअरबडची इवलीशी बॅटरी काही तासांत संपते आणि दिवसातून एकाहून अधिक वेळा चार्ज होऊ शकते. त्यामुळे रोज वापरणाऱ्याच्या बाबतीत एक-दोन वर्षांतच 'पूर्वीसारखे चालत नाही' अशी तक्रार सुरू होते. बाकी सर्व भाग सुस्थितीत असूनही केवळ बॅटरीपायी संपूर्ण संच टाकून द्यावा लागतो. वस्तू उघडून तिच्या दुरुस्तीक्षमतेला गुण देणाऱ्या 'आयफिक्सिट' या अमेरिकी संस्थेने पहिल्या 'एअरपॉड्स'ला दहापैकी शून्य गुण दिले होते. बाजारात पाचशे-हजार रुपयांत मिळणाऱ्या इअरबडच्या बाबतीत तर दुरुस्तीचा खर्च आणि नव्या संचाची किंमत यांत फारसा फरकच उरत नाही.

यावर उपाय नाही, असेही नाही. नेदरलँड्समधील 'फेअरफोन' कंपनीने २०२४ मध्ये बॅटरी ग्राहकालाच बदलता येईल असे इअरबड बाजारात आणले. गंमत अशी, की याच कंपनीने २०२१ मध्ये आपल्या मोबाइलमधून 'जॅक' हटवला होता. युरोपीय संघाच्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक लहान उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्यालाच काढता-बदलता यावी लागणार आहे. म्हणजे अडचण तंत्रज्ञानाची नसून रचनेच्या निवडीची आहे.

जोडणीच्या तुकड्यांचा पसारा

ज्यांनी जुना हेडफोन सोडला नाही, त्यांच्या घरी वेगळाच कचरा साठतो. पिन आणि मोबाइल यांच्यामध्ये लागणारा 'अ‍ॅडाप्टर' हा बोटभर तुकडा आधी काही कंपन्या खोक्यातच देत. नंतर तो विकत घ्यावा लागू लागला. त्यातही एकवाक्यता नाही. काही 'टाइप-सी' अ‍ॅडाप्टर मोबाइलमधून तयार ध्वनिसंकेत घेतात, तर काहींमध्ये ते तयार करणारी चिप स्वतंत्र असते. त्यामुळे एका मोबाइलवर चालणारा अ‍ॅडाप्टर दुसऱ्यावर मुका राहतो आणि ग्राहक तो बिघडला असे समजून फेकून देतो. अ‍ॅपलने २०२३ मध्ये 'आयफोन १५'पासून 'लाइटनिंग' जोडणी सोडून 'टाइप-सी' स्वीकारल्यावर त्या जोडणीचे हेडफोन व अ‍ॅडाप्टर नव्या मोबाइलसाठी निरुपयोगी झाले. सर्वांसाठी एकच चार्जर असावा, हे युरोपीय संघाचे धोरण योग्यच आहे. पण साडेतीन मिलिमीटरचा 'जॅक' हीसुद्धा अशीच सर्वांना सामाईक जोडणी होती, हे येथे नमूद करायला हवे.

भंगाराचे गणित किलोचे

भारतीय शहरांत टाकाऊ वस्तूंचा मोठा भाग महापालिकेपेक्षा भंगारवालाच सांभाळतो. नाशिकमध्ये अंबड व सातपूर या औद्योगिक वसाहतींच्या आधाराने अंबड लिंक रोडवर मोठा भंगार बाजार वाढला. महापालिकेने जानेवारी २०१७ मध्ये तेथील अनधिकृत दुकाने हटवण्याची मोठी मोहीम राबवली. दुकाने पुन्हा उभी राहिली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा कारवाई करावी लागली. या व्यवसायाची चिवट मुळे त्याच्या अर्थकारणात आहेत. लोखंड, तांबे, अ‍ॅल्युमिनियम यांना वजनावर दर मिळतो, म्हणून ते रस्त्यावर पडून राहत नाहीत.

इअरबड या गणितात बसत नाही. पहिल्या 'एअरपॉड्स'मधील प्रत्येक बडचे वजन ४ ग्रॅम आणि डबीचे ३८ ग्रॅम होते. असे वीसहून अधिक संच गोळा झाले, तेव्हा कुठे एक किलो वजन भरेल. गोंदाने चिकटवलेले भाग सोडवण्याची मजुरी त्यातून मिळणाऱ्या धातूपेक्षा जास्त पडते. साहजिकच या वस्तू टेबलाच्या खणात पडून राहतात किंवा घंटागाडीत जातात. घंटागाडीत टाकलेला इअरबड पाथर्डी शिवारातील महापालिकेच्या खत प्रकल्पाकडे जाणाऱ्या कचऱ्यात मिसळला, की त्यातील लिथियम, कोबाल्ट वा निओडिमियम पुन्हा हाती लागण्याची आशा संपते. शिवाय, कचरा दाबला जाताना लिथियम बॅटरी चिरडली गेल्यास ती पेट घेऊ शकते.

जागतिक आकडेवारीही हेच सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाले. हेडफोन ज्या 'लहान उपकरणां'च्या गटात मोडतात, त्या गटात हे प्रमाण अवघे १२ टक्के आहे. त्या वर्षी भारताचा वाटा सुमारे ४१ लाख टनांचा होता. वस्तू जितकी लहान, तितकी ती निसटण्याची शक्यता अधिक, असा याचा अर्थ.

कायदाही वजनाचाच

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००७ मध्ये मुंबई-पुणे परिसरातील ई-कचऱ्याचा अभ्यास केला, तेव्हा चिंता होती ती प्रामुख्याने संगणक आणि दूरचित्रवाणी संचांसारख्या मोठ्या वस्तूंची. देशात ई-कचऱ्याचे स्वतंत्र नियम १ मे २०१२ पासून लागू झाले, २०१६ मध्ये बदलले आणि १ एप्रिल २०२३ पासून सध्याचे नियम अमलात आले. 'वस्तू विकणाऱ्यानेच तिच्या शेवटाची जबाबदारी घ्यावी', हे त्यामागील तत्त्व. उत्पादकाला ठरावीक प्रमाणात ई-कचऱ्याचे पुनर्चक्रीकरण झाल्याचे दाखवावे लागते. २०२५-२६ साठी हे प्रमाण ७० टक्के ठरवण्यात आले. त्यासाठी नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण उद्योगांकडून प्रमाणपत्रे घेता येतात.

मेख येथेच आहे. ही प्रमाणपत्रे सोने, तांबे, अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड या धातूंच्या हिशेबाने दिली जातात. ग्रॅममध्ये मोजावे लागणारे इअरबड घरोघरी जाऊन गोळा करण्यापेक्षा जड यंत्रे मोडीत काढून उद्दिष्ट गाठणे सोपे जाते. बॅटऱ्यांसाठी २०२२ चे स्वतंत्र नियम आहेत आणि टाकाऊ बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी द्यावी, अशी जबाबदारी त्यात ग्राहकावर टाकली आहे. पण जी बॅटरी वस्तूतून निघतच नाही, ती वेगळी द्यायची कशी, याचे उत्तर ग्राहकाकडे असणे शक्य नाही. एकीकडे लिथियम, कोबाल्टसारखी महत्त्वाची खनिजे कचऱ्यातून परत मिळवण्यासाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. दुसरीकडे तीच खनिजे रोज थोडी थोडी घंटागाडीत जात आहेत.

ग्रॅमचे किलो करण्याचा मार्ग

सर्वसामान्य ग्राहकाच्या हाती यात काही आहे का? निश्चितच आहे. मोबाइल घेताना 'जॅक'ची चौकशी करावी; मागणी दिसली तरच कंपन्या ती सोय टिकवतील. डोक्यावर घालायचे हेडफोन घेताना तार वेगळी काढता येणारे घ्यावेत, म्हणजे तार तुटली तर केवळ तारच बदलता येते. बिनतारी इअरबड घ्यायचे असल्यास एक बड किंवा केवळ डबी सुटी मिळते का, बॅटरी बदलून मिळते का, हे दुकानदाराला विचारावे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'राइट टू रिपेअर' संकेतस्थळावर दुरुस्तीविषयी माहिती एकत्र मिळते.

निकामी झालेले इअरबड फोडू नयेत, उन्हात ठेवू नयेत आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. संबंधित कंपनीची परतीची सोय असल्यास तिचा लाभ घ्यावा. नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण उद्योगांची माहिती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर आहे, तर राज्य मंडळाचे प्रादेशिक कार्यालय नाशिकमध्येच, त्र्यंबक रस्त्यावरील उद्योग भवनात आहे.

एकट्या ग्राहकाने चार ग्रॅमच्या वस्तूसाठी इतका खटाटोप करावा, ही अपेक्षा मात्र अवाजवी आहे. खरा उपाय सामूहिक आहे. प्रत्येक गृहनिर्माण सोसायटीत, महाविद्यालयात व कार्यालयात लहान ई-वस्तूंसाठी एक धातूची पेटी ठेवली आणि ठरलेल्या दिवशी ती नोंदणीकृत उद्योगाकडे पोचवली, तर आज कोणालाच नको असलेला हा ऐवज किलोच्या हिशेबात येईल आणि त्याला घेणारे मिळतील. दारोदार घंटागाडी पोचवणे नाशिकला जमले आहे. त्याच व्यवस्थेत अशा पेट्यांसाठी महिन्यातून एक फेरी ठरवण्याचा विचार महापालिकेने करायला हरकत नाही. मोबाइलवरील छिद्र परत येईल की नाही, हे कंपन्या ठरवतील. त्यामुळे साठणाऱ्या कचऱ्याला वाट कोणती द्यायची, हे मात्र शहरालाच ठरवावे लागेल.