ऑसिलोस्कोपमधला नॉइज कसा शोधतात

ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरची रेघ जाड किंवा थरथरती दिसली, तर नॉइज आतला की बाहेरचा हे आधी ठरवावे लागते. प्रोब काढूनही रेघ तशीच राहिली, तर दोष यंत्रातच असण्याची शक्यता जास्त. प्रोब लावल्यावरच नॉइज येत असेल, तर प्रोबचे टोक त्याच्याच अर्थ क्लिपला जोडून सर्किटजवळ धरावे. तरीही टोकदार शिखरे दिसली, तर ती सिग्नलमधली नव्हेत; अर्थच्या वायरीचे वेटोळे अँटेनासारखे आसपासचे चुंबकीय क्षेत्र पकडत असते. ही मिनिटभराची चाचणी टाळली, तर चांगल्या सर्किटला उगाच दोष दिला जातो. लांब वायरीऐवजी टोकाजवळची आखूड स्प्रिंग वापरली की वेटोळे लहान होते.

पुढे वारंवारता पाहावी. भारतात ५० हर्ट्झची गुणगुण मेन्समधून येते. १०० हर्ट्झ असेल, तर पॉवर सप्लायमधला जुना इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तपासावा. किलोहर्ट्झमधल्या नॉइजसाठी टेबलाजवळचे मोबाइल चार्जर आणि एलईडी दिवे एकेक करून बंद करावेत. दोन उपकरणांच्या अर्थमधून ग्राउंड लूप होत असेल, तर दोन्ही एकाच पॉवर स्ट्रिपवर जोडावीत. त्यासाठी प्लगची अर्थ पिन मात्र कधीच तोडू नये. शॉक बसून जीव जाऊ शकतो.