तीन मोठे चमचे तिखट

भाची ह्यूस्टनहून सुट्टीला पुण्यात आली होती. तिच्या सहा वर्षांच्या लेकीने दोन दिवस वरण-भात, धिरडी गुमान खाल्ली आणि तिसऱ्या दिवशी फर्माईश केली, "मावशीआजी, आज चिली कर ना!" भाची बाहेर गेलेली. मी म्हटलं, त्यात काय मोठंसं, खिमा आणि राजमाच तर आहे. एक अमेरिकन पाकपुस्तक काढलं. त्यात अर्धा किलो खिम्याला तीन मोठे चमचे 'चिली पावडर' लिहिली होती. हात जरा अडखळला, पण पुस्तकावर विश्वास ठेवून कोल्हापूरहून आलेलं लाल तिखट मोजून घातलं. पहिल्याच घासाला पोरीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. दुसरा घास मी घेतला आणि माझीही बोलती बंद झाली. त्या रात्री घरादाराने दहीभात खाल्ला.

"अगं मावशी, तिथली चिली पावडर म्हणजे आपलं तिखट नव्हे, तो मसाला असतो," भाची म्हणाली. हा घोटाळा नेमका कुठून आला, ते शोधताना मी टेक्सासपर्यंत जाऊन पोचले.

चौकातल्या चुली

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संध्याकाळ झाली की मिलिटरी प्लाझात कंदील लागायचे. मेक्सिकन वंशाच्या बायका मोठाल्या भांड्यांत मांस आणि मिरचीचा रस्सा घेऊन बसायच्या. गाडीवान, शिपाई, प्रवासी बाकांवर बसून तो ओरपायचे. या बायकांना 'चिली क्वीन्स' हे नाव पडलं. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सॅन अँटोनिओच्या चिलीचं दुकान लागलं आणि या पदार्थाचं नाव दूरवर गेलं. पुढे शहराच्या आरोग्य खात्याचे नियम कडक होत गेले आणि 1940 च्या दशकापर्यंत त्या चुली विझल्या. 1977 मध्ये टेक्सासने चिलीला राज्याचा पदार्थ म्हणून मान दिला. तिथले कट्टर लोक त्यात राजमा घालू देत नाहीत. पुरणपोळी गुळाची की साखरेची, यावर आपल्याकडे भांडतात तसंच ते.

आता त्या पावडरीकडे येऊ. विल्यम गेबहार्ट हा जर्मन माणूस न्यू ब्राउनफेल्स गावात एका दारूच्या गुत्त्यामागे खाणावळ चालवायचा. चांगल्या मिरच्या हंगामापुरत्याच मिळत. त्याने मेक्सिकोहून अँचो मिरची मागवली, वाळवून दळली आणि वर्षभर पुरेल अशी पूड केली. 1896 मध्ये सॅन अँटोनिओत त्याचा कारखाना निघाला आणि 'ईगल' छापाची चिली पावडर घरोघरी गेली. अँचो म्हणजे पिकवून वाळवलेली पोब्लानो: चॉकलेटी लाल, सुरकुतलेली, मनुकांसारख्या वासाची आणि चवीला सौम्य. बाजारातल्या चिली पावडरीत अशा मिरचीबरोबर जिरं, ओरेगानो आणि लसणाची पूड असते. तीन मोठे चमचे हे माप त्या मसाल्याचं. आपण मराठीत मिरचीच्या पुडीलाच 'तिखट' म्हणतो. तिथली पूड मुळी तिखट असावी अशी अपेक्षाच नाही.

रंग वेगळा, जाळ वेगळा

मिरचीचा लाल रंग येतो कॅरोटिनॉइड गटातल्या द्रव्यांमुळे, तर जाळ होतो कॅप्सेसिनमुळे. एक वाढलं म्हणून दुसरं वाढत नाही. बेडगी मिरची हे याचं आपल्या ओळखीचं उदाहरण. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाने ओळखली जाणारी, 2011 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही मिरची रश्श्याला लालभडक करते, पण लवंगीसारखी झोंबत नाही. कोकणातल्या, गोव्यातल्या सुगरणी रंगासाठी बेडगी आणि जाळासाठी दुसरी मिरची घेतात, त्या याच हिशेबाने.

अमेरिकेत हाच हिशेब एका शास्त्रज्ञाने शेतात मांडला. मेक्सिकोतल्या चिवावात जन्मलेले फॅबियान गार्सिया न्यू मेक्सिकोच्या कृषी महाविद्यालयात होते. मिरची न खाणाऱ्यांनीही ती खावी, डबाबंद करायलाही सोपी जावी, म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं निवड करत गुळगुळीत, मांसल, सौम्य वाण घडवला. 1921 मध्ये तो 'न्यू मेक्सिको नंबर 9' या नावाने शेतकऱ्यांच्या हाती आला.

जाळ बियांत असतो, हा आपल्या घराघरांतला समज. खरं तर कॅप्सेसिन तयार होतं ते बिया जिला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या शिरेत. बियांना ते फक्त लागतं. म्हणून नुसत्या बिया झटकून भागत नाही, शीर ओढून काढावी लागते. शिवाय कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. तोंड पोळल्यावर घटाघटा पाणी प्यायलं तर ते तोंडभर पसरतं. दुधातलं केसीन मात्र त्याला धरून नेतं. आमचा त्या रात्रीचा दहीभात अगदीच अडाणी उपाय नव्हता.

तोंड भाजल्यासारखं का वाटतं, हे डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूने 1997 मध्ये दाखवलं. साधारण 43 अंश सेल्सियसच्या वरची उष्णता ओळखणारा जो ग्राहक आपल्या चेतापेशींवर असतो, त्यालाच कॅप्सेसिन चेतवतं. 2021 च्या नोबेलमध्ये या कामाचा गौरव झाला. पोर "भाजलं, भाजलं" म्हणून रडतं, तेव्हा ते लाड करत नसतं. त्याच्या चेतापेशी मेंदूला तेच सांगत असतात.

मग मुलं तिखट शिकतात कशी? मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी मेक्सिकोतल्या एका खेड्यात हे पाहिलं. तिथे लहानग्यांना कोणी जबरदस्तीने मिरची चारत नव्हतं. मोठी माणसं चवीने खाताना दिसत, मुलं थोडं थोडं चाखत, आणि काही वर्षांत आपणहून वाढून घेत. त्याच गावातली डुकरं-कुत्री आयुष्यभर मिरचीचं खरकटं खाऊनही, निवड दिली की बिनमिरचीचंच उचलत.

वेगळी पुडी

पत्रकार विक फाउलर 1967 मध्ये टेक्सासच्या टर्लिंग्वा या उजाड गावातल्या गाजलेल्या चिली-स्पर्धेत उतरले होते. त्यांच्या नावाने तयार मसाल्याचा खोका विकला जातो, त्यात झणझणीत लाल मिरचीची पुडी निराळी असते. सगळी घातली तर 'टू अलार्म', अर्धी घातली तर 'वन अलार्म', आणि अजिबात नाही घातली तर 'फॉल्स अलार्म' चिली. म्हणजे मूळ चव मसाल्याची आणि जाळ ज्याच्या त्याच्या मर्जीचा. हे वाचलं आणि मला आमच्या पानाच्या डाव्या बाजूचा ठेचा आठवला.

चार दिवसांनी पुन्हा पातेलं चढवलं. सात बेडगी मिरच्या कात्रीने उभ्या चिरल्या, शिरा आणि बिया काढल्या, गरम पाण्यात अर्धा तास भिजवल्या. फुगून मऊ झाल्यावर लसणाच्या सहा पाकळ्या आणि दोन चमचे भाजलेल्या जिऱ्याबरोबर गुळगुळीत वाटल्या. कांदा तांबूस परतून खिमा कोरडा होईपर्यंत भाजला, मग वाटण, चार टोमॅटो, चिमूटभर ओरेगानो. मंद आचेवर पाऊण तास. शेवटी दाटपणासाठी चमचाभर मक्याचं पीठ पाण्यात कालवून लावलं.

राजमा वेगळा शिजवला, आणि इथे हयगय नको. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं; चार-पाच अर्धेकच्चे दाणेही उलट्या-जुलाबांना पुरतात. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात तो नीट उकळत नाही, तेव्हा धोका उलट वाढतो. पाच तास तरी भिजवावा, ते पाणी फेकावं आणि ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळावा. आपला प्रेशर कुकर हे काम चोख करतो.

टेबलावर चिलीचं पातेलं, किसलेलं चीज, दही, चिरलेला कांदा आणि एका वाटीत खर्डा ठेवला. पोरीने दोनदा वाढून घेतलं. तिसऱ्यांदा मान वर न करता चमच्याचं टोक खर्ड्यात बुडवलं, चाटलं, तोंड वाकडं केलं आणि दुधाचा पेला ओढला. कोणी हसलं नाही, कोणी "शाब्बास"ही म्हणालं नाही.

मुलांसाठी वेगळा बेचव रस्सा शिजवू नका. रंगाची मिरची पातेल्यात घाला, जाळाची टेबलावर ठेवा. आणि परदेशी कृतीत 'चिली पावडर' दिसली, तर चमचा उचलण्याआधी तिच्यात काय काय असतं ते वाचा.