स्वानुभव आणि समुपदेशन

व्याधीतून वा व्यसनातून स्वतः पार पडलेल्या मनुष्यास इतरांचा मार्गदर्शक नेमावे काय, हा प्रश्न आज आरोग्यसेवेच्या क्षेत्रात पुनःपुन्हा उपस्थित होतो. प्रश्न नवा नाही. पॅरिसनजीकच्या बिसेत्र रुग्णालयात झां-बातिस्त प्यूसँ हा गंडमाळेचा रोगी म्हणून आला, बरा झाला, आणि कालांतराने तेथील मनोरुग्ण-विभागाचा व्यवस्थापक झाला. आपले सेवक तो शक्यतो बऱ्या झालेल्या रुग्णांतूनच निवडी. ते रुग्णांशी अधिक मायेने वागतात, असा त्याचा अनुभव होता. १७९७ साली तेथील रुग्णांच्या बेड्या त्यानेच काढविल्या. (लोकांनी मात्र हे श्रेय दीर्घकाळ फिलिप पिनेल या वैद्यास दिले.)

परंतु सोसणे म्हणजे जाणणे नव्हे. टोमासिना बोर्कमन या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९७६ साली 'अनुभवजन्य ज्ञान' ही संकल्पना मांडली, तिचे महत्त्व येथेच आहे. व्यावसायिकाचे ज्ञान अध्ययनातून व पद्धतशीर निरीक्षणातून येते; अनुभवजन्य ज्ञान प्रत्यक्ष भोगण्यातून येते, आणि म्हणूनच ते बाळगणाऱ्यास आपल्या म्हणण्याविषयी विलक्षण खात्री असते. ही खात्री हेच त्याचे बळ व हाच त्याचा धोका. एकट्याचा अनुभव त्याच्या प्रकृतीचा, घरचा, नशिबाचाही असू शकतो. समदुःखितांच्या समूहात अनेकांचे अनुभव शेजारी ठेवले, म्हणजे त्यांतील वैयक्तिक कोणते व सामान्य कोणते हे निवडता येते. ही चाळणी लागल्यावाचून स्वानुभवास ज्ञान म्हणणे घाईचे ठरेल.

अमेरिकेतील ॲक्रन या गावी १९३५ च्या मे महिन्यात झालेली एक भेट या दृष्टीने अभ्यसनीय आहे. बिल विल्सन हा दलाल काही महिन्यांपूर्वीच दारूतून सुटला होता. मधल्या काळात त्याने न्यूयॉर्कमधील अनेक मद्यपींना उपदेश केला, पण एकही सुधारला नाही. उपदेश आवरता घे, असा सल्ला त्याच्या डॉक्टरांनी त्यास दिला. ॲक्रनमध्ये धंद्यात अपयश आल्यावर पुन्हा पिण्याची ओढ लागली, तेव्हा स्वतःला सावरण्यासाठी त्याने दुसरा मद्यपी शोधला. तो म्हणजे डॉ. रॉबर्ट स्मिथ हा शल्यविशारद. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले स्मिथ कित्येक तास बसून राहिले. मद्याचे दुष्परिणाम त्यांना वैद्य या नात्याने ठाऊकच होते. आपल्यासारखेच पिऊन बसलेला मनुष्य स्वतःविषयी बोलतो आहे, आपल्याला शिकवीत नाही, ही गोष्ट मात्र त्यांना नवी होती. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या संघटनेचा उगम या भेटीत आहे.

येथे एक नाजूक मुद्दा आहे. विल्सनला स्मिथची गरज होती. साहाय्य करणाऱ्यालाच साहाय्याचा लाभ होतो, हे तत्त्व फ्रँक रीसमन यांनी १९६५ साली मांडले, व ते यथार्थ आहे. पण समुपदेशकाची गरज समोरच्याच्या गरजेहून मोठी झाली की करुणेचे रूपांतर आत्मकथनात होते. ऐकण्यास आलेलाच ऐकवू लागतो. 'मी असा सुटलो, तूही असाच सूट' हे वाक्य प्रेमाने उच्चारले तरी त्यात जबरदस्ती असतेच. स्वतःची कथा केव्हा सांगावी याहून केव्हा गिळावी, हे शिकणे अधिक कठीण. पुण्यास येरवड्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्रात व्यसनमुक्त झालेले अनेकजण पुढे समुपदेशक झाले. अशा व्यक्तींना प्रशिक्षण, ज्येष्ठांची देखरेख व स्वतःचा तोल ढळल्यास हक्काचा आधार ही तिन्ही लागतात. केवळ भूतकाळाच्या बळावर नेमणूक करणे हा त्यांच्यावरही अन्याय होय.

परिणामांविषयी बोलताना संयम राखावा. मानसिक आरोग्यसेवेत स्वानुभवी सेवकांना नेमण्याविषयी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत ११ चाचण्या व २,७९६ व्यक्तींचा विचार झाला. त्यांचे कार्य व्यावसायिकांच्या तुलनेत सरसही ठरले नाही, उणेही ठरले नाही. आणीबाणीच्या सेवांचा वापर किंचित घटल्याचे मात्र आढळले. पुरावाही फारसा भक्कम नव्हता. उत्साही पुरस्कर्त्यांना हा निष्कर्ष फिका वाटेल. तथापि अशा चाचण्यांत प्रामुख्याने लक्षणे व सेवांचा वापर मोजला जातो. स्मिथ उठून का गेले नाहीत, हे त्या मापांत सहजी बसणारे नाही; ते टिपणारी मापे घडविणे हे या विषयाच्या अभ्यासकांपुढील काम आहे.