एकाच वाड्यातले दोन दाखले

नागपूरच्या रामदासपेठेत विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या आसपास स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलंमुली दिसतात. त्यांतल्या दोघींची कल्पना करा. दोघींचे पणजोबा भंडारा जिल्ह्यातल्या एकाच गावचे, एकाच महारवाड्यातले. एकीच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, इथून जवळच असलेल्या दीक्षाभूमीवर, बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घेतली. दुसरीचं घर त्याआधीच मिशनच्या शाळेतून ख्रिस्ती झालेलं. फॉर्म भरताना पहिली अनुसूचित जातीच्या रकान्यात खूण करते. दुसरीला तो रकाना बंद आहे. गाव एक, वाडा एक, पिढ्यान्‌पिढ्या सोसलेलं एक; कागदावर मात्र दोन वेगळ्या मुली.

हे घडतं ते १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजूनही बाहेर आहेत. त्यांना राखीव मतदारसंघ नाही आणि अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही नाही. आदिवासींना ही अट लागू नाही. झारखंडमधला उरांव ख्रिस्ती झाला तरी अनुसूचित जमातीतच राहतो. म्हणजे धर्म बदलला की मागासलेपण संपतं, हे तत्त्व कायदा स्वतःच सगळीकडे पाळत नाही.

या प्रश्नाची सगळी अडचण एका चांभाराच्या खटल्यात दिसते. सूसाई हा मद्रासच्या रस्त्यावर बसून जोडे शिवणारा माणूस, आदिद्रविड, ख्रिस्ती झालेला. सरकारने अनुसूचित जातीच्या चांभारांना फुकट टपऱ्या दिल्या. सूसाईला दिली नाही. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ मध्ये न्यायालयाने म्हटलं की जात धर्मांतरानंतरही उरली, एवढं दाखवणं पुरेसं नाही. नव्या धर्मातही तिचा जाच तितकाच तीव्र आहे, हे सिद्ध व्हायला हवं.

आता चर्चची कोंडी बघा. देवासमोर सगळे सारखे, ही तिची शिकवण. पण आपल्या दलित माणसांना न्याय मिळवून द्यायचा तर आपल्याच अंगणात जात नांदते, हे तिने न्यायालयापुढे मांडायला हवं. बरीच वर्षं तिने सरकारकडे मागणी केली, दरवर्षी १० ऑगस्टला, म्हणजे त्या आदेशाच्या तारखेला, काळा दिवस पाळला. घरातल्या जातीबद्दल मात्र ती जपून बोलली. ती जपणूक मोडली डिसेंबर २०१६ मध्ये. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं. देशातल्या सुमारे १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी १ कोटी २० लाख दलित आहेत, असा हिशेब त्यात दिला, आणि नेतृत्वात ते फार थोडे आहेत, हेही मान्य केलं. अमेरिकेतल्या बिशपांनी १९७९ च्या पत्रात वर्णद्वेषाला पाप म्हटलं होतं. इथल्यांना जातीबद्दल असं धोरण जाहीर करायला आणखी जवळपास चाळीस वर्षं लागली. उशीर झाला हे खरं, पण मला हा कबुलीजबाब फार मोलाचा वाटतो. सूसाईच्या खटल्यात जो पुरावा मागितला गेला, तो आता चर्चच्याच सहीशिक्क्याने हजर आहे.

ही कबुली इतकी जड का गेली, हे गोव्याच्या इतिहासात समजतं. दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण घरातला मातेउस द कास्त्रो पाद्री व्हायला निघाला, तेव्हा पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी देशी माणूस म्हणून त्याला अडवलं. तो रोमला पोचला. पोपच्या दरबाराने त्याची योग्यता ओळखली आणि १६३७ मध्ये त्याला बिशप केलं. पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर, आदिलशाहीतल्या डिचोलीला राहून तो त्यांच्या वर्णगर्वाशी झगडला. पण त्याची हाक होती ती आपल्या ब्राह्मण जातभाईंसाठी. गोऱ्यांनी आपल्याला कमी लेखलं याची आग त्याच्या मनात होती. आपण ज्यांना कमी लेखतो त्यांच्याकडे त्याची नजर वळली नाही. गोव्याच्या चर्चमध्ये पुढे कितीतरी काळ कॉन्फ्रारियांच्या, म्हणजे चर्चमधल्या बंधुसंघांच्या, पोशाखातही जात दिसे: वरच्या जातींना लाल, शूद्रांना निळा. दक्षिणेतही तेच. तिरुचिरापल्लीच्या दफनभूमीत सवर्ण आणि दलित ख्रिश्चनांच्या कबरींमध्ये भिंत उभी राहिली. २००३ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी तमिळनाडूच्या बिशपांना जातीच्या भेदाबद्दल स्पष्ट शब्दांत सुनावलं, ते उगाच नाही.

बदल झालाच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. मरमपुडी जोजी २००० मध्ये हैदराबादचे आर्चबिशप झाले. एवढ्या पदावर पोचलेले ते पहिले दलित. त्याच पीठावरचे अँथनी पूला २०२२ मध्ये कार्डिनल झाले, आणि पहिल्यांदाच एक दलित माणूस पोपच्या निवडणुकीत मत देणाऱ्यांत बसला. खेड्यातल्या एखाद्या दलित ख्रिस्ती पोराला या बातमीने काय बळ दिलं असेल!

नागपूरची गोष्ट वेगळी आहे आणि म्हणूनच मला ती महत्त्वाची वाटते. सदरमधल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलचा हा धर्मप्रांत १८८७ चा, १९५३ पासून महाधर्मप्रांत. इथला कॅथलिक समाज एकजातीचा नाही, एकभाषेचाही नाही: मराठी, तमिळ, मल्याळी, कोंकणी, आदिवासी. रामदासपेठेतल्या दवाखान्यांत केरळच्या सिस्टर भेटतात. अशा मिसळीत जात उघड बोलली जात नाही. ती आडनाव, भाषा, रंग आणि सोयरिकीत वावरते. आणि हे सारं त्या शहरात, जिथे लाखो माणसांनी जातीचा धर्मच सोडून दिला. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचाही बारकाईने विचार केला होता, आणि चर्चमध्ये जात शिरली आहे यावर त्यांनी बोट ठेवलं होतं. दीक्षाभूमीच्या गावातल्या चर्चला त्या टीकेला आपल्या वागण्यातून उत्तर देण्याची संधी आहे.

तिसऱ्या परिच्छेदाचं काय करायचं हे संसद आणि न्यायालय ठरवेल. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्येच अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून सोडवा, अशी शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने याच प्रश्नावर के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला आणि त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. पण सेमिनरीत कोणाची मुलं जातात, कॉन्व्हेंट शाळेत गरीब दलित ख्रिस्ती मुलीला फीविना जागा मिळते का, शाळा-दवाखान्यांच्या नोकऱ्या कोणाला मिळतात, धर्मग्रामाच्या कौन्सिलात कोण बसतं, यासाठी कुठल्याही आयोगाची वाट पाहावी लागत नाही. २०१६ च्या धोरणाची अंमलबजावणी धर्मप्रांतांनीच करायची आहे. नागपूरच्या महाधर्मप्रांताने या गोष्टींचे आकडे गोळा करून दरवर्षी एका रविवारच्या मिस्सानंतर वाचून दाखवावेत, मराठीत, हिंदीत आणि तमिळमध्येही. म्हणजे त्या ग्रंथालयाजवळच्या दुसऱ्या मुलीला, सरकारी फॉर्मचा रकाना बंद असेपर्यंत, निदान तिच्या चर्चमध्ये तिची गणती कुठे होते ते कळेल.