लेफ्टनंट आणि सुभेदार साहेब : पलटणीत शब्द कोणाचा चालतो?

अकादमीतून नुकताच बाहेर पडलेला लेफ्टनंट पलटणीत दाखल होतो तेव्हा त्याचं वय असतं बावीस-तेवीस. त्याच्या कंपनीतल्या सुभेदारांची नोकरीच जवळपास तेवढ्या वर्षांची झालेली असते. कागदावर लेफ्टनंट वरिष्ठ, पण जवान अडला की आधी पाहतो सुभेदार साहेबांकडे. सातारा-कोल्हापूरकडे गावोगावी निवृत्त सुभेदार भेटतात, त्यामुळे या नात्याबद्दल आपल्याकडे ठाम मतांना तोटा नाही. त्यांतली काही तपासून पाहू.

गैरसमज : दोघांच्याही खांद्यावर दोन तारे, म्हणजे हुद्दा सारखाच.

वस्तुस्थिती : सुभेदारांच्या ताऱ्यांसोबत आडवी फीत असते, लेफ्टनंटच्या नसते. नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर हे जेसीओंचे (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) तीन हुद्दे. घोडदळाची परंपरा असलेल्या रेजिमेंटांत त्यांनाच नायब रिसालदार, रिसालदार आणि रिसालदार मेजर म्हणतात. पलटणीतले सर्वांत ज्येष्ठ सुभेदार मेजरही कालच आलेल्या लेफ्टनंटला सलाम ठोकतात. लेफ्टनंट मात्र त्यांना नावाने हाक मारत नाही, ‘साहेब’ म्हणतो.

गैरसमज : सुभेदारांचा अधिकार नुसता मानापोटी, कायद्यात त्याला आधार नाही.

वस्तुस्थिती : १९५० च्या लष्कर कायद्यात ‘वरिष्ठ अधिकारी’ या संज्ञेत जेसीओही येतात. त्यांचा कायदेशीर हुकूम मोडणं हा कलम ४१ खाली गुन्हा आहे. मात्र या अधिकाराला कुंपणही आहे. शिक्षा देण्याचा अधिकार त्यांना नाही. समरी कोर्ट मार्शलमध्ये न्यायाधीश एकटा कमांडिंग ऑफिसर. सुनावणीला आणखी दोघांनी हजर राहावं लागतं आणि ते जेसीओ असू शकतात, पण निकालात त्यांचं मत धरलं जात नाही.

कायद्यापलीकडचं वजन वेगळ्या वाटेने येतं. अधिकारी कोर्सला जातो, स्टाफवर जातो, दोन-तीन वर्षांत बदलून जातो. जेसीओंची बहुतेक नोकरी त्याच पलटणीत होते. कोणत्या जवानाच्या घरी जमिनीचा वाद पेटलाय, कोणाची रजा खरंच तातडीची आहे, कोणते दोन हवालदार एकमेकांशी बोलत नाहीत, हे कोणत्याही फायलीत नसतं. ते सुभेदारांना ठाऊक असतं.

गैरसमज : खरी पलटण सुभेदारच चालवतात, लेफ्टनंट नावापुरता.

वस्तुस्थिती : माहिती कोणाचीही असो, निर्णयाचा जाब विचारला जातो तो लेफ्टनंटलाच, आणि ती जबाबदारी सुभेदारांवर ढकलता येत नाही. मुरलेले सुभेदार हरकत घेतात ती हुकूम सुटण्याआधी, दोघेच असताना. हुकूम सुटला की तो स्वतःचा असल्यासारखा राबवतात. ‘लेफ्टनंट साहेबांनी सांगितलंय म्हणून करा’ असं एखादा सुभेदार जवानांसमोर म्हणाला, तर हुकूम पाळला जातो, पण त्यातला जीव गेलेला असतो. उलट रजेपासून ड्यूटीपर्यंत सगळंच सुभेदारांवर सोपवणाऱ्या लेफ्टनंटला जवान आठवडाभरात ओळखतात. सुभेदार मेजर थेट कमांडिंग ऑफिसरशी बोलू शकतात, म्हणून ही ओळख वरपर्यंत पोहोचायलाही वेळ लागत नाही.

गैरसमज : सल्ला विचारला की अधिकाऱ्याचा धाक जातो.

वस्तुस्थिती : धाक जातो तो ‘आता काय करू?’ असं सर्वांसमोर विचारल्याने. ‘असं करायचं ठरवतोय, यात काय चुकतंय?’ असं बाजूला घेऊन विचारलं, तर उलट विश्वास वाढतो. अर्थात अनुभव म्हणजे अचूकपणा नव्हे. हत्यारांची मोजणी, पैशांचा हिशेब, कायद्याचा प्रश्न हे लेफ्टनंटने स्वतःच्या डोळ्यांनी तपासायचं असतं, सुभेदार कितीही जुने असले तरी.

संकटात ही उतरंड कशी चालते, याचं उदाहरण १९८७ चं सियाचेन. २१ हजार फुटांवरच्या पाकिस्तानी चौकीचा माग काढायला सेकंड लेफ्टनंट राजीव पांडे यांच्या नेतृत्वाखाली गस्त गेली. त्यात ते धारातीर्थी पडले. पुढच्या मोहिमेला त्यांचंच नाव दिलं गेलं. मेजर वरिंदर सिंग यांच्या हुकमाखालच्या त्या मोहिमेत, २६ जूनला, अखेरचा हल्ला चढवला नायब सुभेदार बाना सिंग यांनी. त्यांना परमवीर चक्र मिळालं आणि चौकी ‘बाना टॉप’ झाली.

गैरसमज : जेसीओ म्हणजे इंग्रजी भेदभावाचा उरलेला अवशेष, आज त्याची गरज नाही.

वस्तुस्थिती : यातला पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजांत अनुभवी सुभेदारही सर्वांत नवख्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या खालीच राहायचा. पुढे हा वर्ग ‘व्हाइसरॉयज कमिशन्ड ऑफिसर’ म्हणून ओळखला गेला. पण ही पायरी काढून पाहण्याचा प्रयोगही झालेला आहे. १९२३ मध्ये अधिकारीवर्गाच्या भारतीयीकरणासाठी आठ तुकड्या निवडल्या गेल्या, त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी बटालियनही होती. १९३० च्या दशकात अशा तुकड्यांत प्लाटूनची कमान सुभेदार-जमादारांऐवजी भारतीय अधिकाऱ्यांकडे देण्यात आली. दुसऱ्या महायुद्धाच्या रेट्यात हे धोरण सोडावं लागलं. स्वातंत्र्यानंतर भारताने ही पायरी ठेवली, नाव बदलून जेसीओ केलं आणि १९६५ मध्ये जमादाराचा नायब सुभेदार झाला. पाकिस्ताननेही ती ठेवली. जन्म भेदभावातून झाला असला, तरी ती टिकली उपयोगामुळे.

गैरसमज : शिपाई म्हणून भरती झालेला कधी अधिकारी होत नाही.

वस्तुस्थिती : कारवारकडचे राम राघोबा राणे १९४० मध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे सैनिक म्हणून भरती झाले आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट. चारच महिन्यांनी नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. त्यासाठी त्यांना परमवीर चक्र मिळालं. सेवेतल्या जवानांना अधिकारी घडवणारं आर्मी कॅडेट कॉलेज १९६० ते १९७७ पुण्यातच होतं, नंतर ते डेहराडूनला गेलं.

तेव्हा ‘मोठं कोण?’ हा प्रश्नच इथे गैरलागू आहे. हुकूम लेफ्टनंटचा, जबाबदारीही त्याचीच. पण तो हुकूम जवानांना पटेल असा करण्याचं काम सुभेदारांचं. लेफ्टनंटने विचारायचं सोडलं किंवा सुभेदारांनी स्पष्ट सांगायचं सोडलं, तर त्याची किंमत दोघांआधी जवान मोजतात.