लायसन्सचा वाद मालकाचा, भरपाई वारसांची

टेम्पोने दुचाकी उडवली, घरातला कमावता माणूस जागीच गेला. दिवसकार्य उरकते न उरकते तोच कुणीतरी सांगतो, ‘ड्रायव्हरकडे लायसन्सच नव्हतं, विमा कंपनी एक पैसा देणार नाही.’ या एका वाक्याने खचून दावाच न लावणे किंवा मिळेल त्या रकमेवर सही करून मोकळे होणे, यासारखा अन्याय नाही. कारण ते वाक्य अर्धेच खरे आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ ने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला तो रस्त्यावरच्या तिऱ्हाइतासाठी. कलम १५० (१ एप्रिल २०२२ पूर्वीचे १४९) कंपनीला मोजकेच बचाव देते. वैध परवाना नसलेल्याने गाडी चालवली, हा त्यांतला एक. पण तो सिद्ध करण्याचे ओझे कंपनीवरच असते. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या गुजरातमधील प्रकरणात ट्रकचालक इंजिन चालू ठेवून खायला आणायला उतरला आणि क्लीनरने ट्रक हाकला. परवानाधारक चालक नेमणाऱ्या मालकाने अटीचा भंग केला असे म्हणता येणार नाही, असे ठरवून न्यायालयाने कंपनीलाच जबाबदार धरले. २००४ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हे आणखी स्पष्ट केले. परवाना बनावट, मुदत संपलेला किंवा नसलेला आहे एवढे दाखवून कंपनीची सुटका होत नाही; मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने गाडी त्याच्या हाती दिली, हेही दाखवावे लागते. आणि ते दाखवले, तरी न्यायाधिकरण कंपनीला आधी वारसांचे पैसे भरून मग मालकाकडून वसूल करायला सांगू शकते. वसुलीचा तगादा मालकामागे लागतो, विधवेला त्याच्या दारी जावे लागत नाही. मला या कायद्यातली सर्वांत माणुसकीची तरतूद हीच वाटते.

एक मोठा वाद तर ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मिटला. हलक्या वाहनाच्या परवान्यावर माल किंवा प्रवासी वाहणारी गाडी चालवता येते का, यावर कंपन्या वर्षानुवर्षे भांडत होत्या. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले, एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर वेगळ्या शेऱ्याची गरज नाही. जड ट्रक, बस किंवा धोकादायक माल नेणारी गाडी मात्र यात बसत नाही.

यात पणाला लागलेली रक्कम लहान नसते. पस्तीस वर्षांचा, महिना २०,००० कमावणारा प्लंबर घ्या. मागे पत्नी, दोन मुले, आई. भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरले की २८,०००. स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की २१,०००. वर्षाचे २,५२,०००, त्याला वयाचा गुणक १६. झाले ४०,३२,०००, अंत्यविधी वगैरेंची रक्कम वेगळी. मालक टपरीवाला असेल तर एवढे पैसे तो कुठून देणार? म्हणूनच कंपनीने आधी भरणे महत्त्वाचे.

मृताकडेच लायसन्स नव्हते म्हणून चूक त्याचीच, असेही सांगितले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच म्हटले आहे की, केवळ परवाना नसल्याने निष्काळजीपणा ठरत नाही. गाडी कशी चालवली ते पाहायचे.

मर्यादा आहेत. आपल्याकडे वऱ्हाड टेम्पोत भरून नेतात. मालवाहू गाडीतल्या अशा प्रवाशांची जबाबदारी कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ठरवले, आणि तेव्हा सारे मालकावर येते. मुदत संपलेल्या परवान्याकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष करणाऱ्या मालकालाही न्यायालयाने २०२० मध्ये दया दाखवली नाही. चालक ठेवताना लायसन्स पाहणे, त्याची प्रत ठेवणे आणि नूतनीकरणाची तारीख लक्षात ठेवणे त्याचेच काम.

वारसांनी मात्र एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, गाडीची पॉलिसी आणि उत्पन्नाचे पुरावे घेऊन जिल्ह्याच्या न्यायाधिकरणात लवकर जावे. २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत कायद्यात आली आहे. तिला न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर थांबू नये.